यंत्रराजांचा ज्वर आणि अखंड पाठाची हकीकत

श्रीगजाननें विघ्न वारावें, श्रीशारदेनें जिव्हेवर वसावें, आणि वायुदेवांनीं विशेष प्रसन्न असावें, कीं या हकिकतींत कर्तेकरविते तेच. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, दक्षिणायन, शरद ऋतु, आश्विन मास, ते समयीं जें वर्तमान जाहलें तें यथास्थित लिहिलें आहे. पदरचें घातलें नाहीं आणि घडलेलें गाळलें नाहीं.

राज्य कोणतें, कोणे प्रांतीं, हें सांगावयाचें प्रयोजन नाहीं. विस्तार दोन खोल्या, पुढें ओटी, मागें परसू आणि परसांत अनंताचें एक झाड, इतकाच. परंतु राज्य पुरातन. राज्याचे धनी धुंडिराजशास्त्री, वय वर्षें शहात्तर, देह कृश, वाणी स्वच्छ. आणि सर्व कारभार त्यांचें कुटुंब द्वारकाबाई यांजकडे. राज्यास तोफखाना नाहीं, पागा नाहीं. खजिना म्हणावा तर एकच, तो ऐसा कीं पूर्वजांनीं पाचशें आठ श्लोकांची माळ रचिली होती, वृत्तें त्रेचाळीस, आणि ती कागदावर उतरूं नये, कोठें सांठवूं नये, गुरुमुखांतून शिष्याचे कानीं जावी, ऐसी घराण्याची आण. शिष्यानें माळ मुखोद्गत करावी आणि एके दिवशीं, एकासनीं, खंड न पडतां गुरूचे कानीं घालावी. खंड पडल्यास पहिल्या श्लोकापासून पुनश्च आरंभ, आणि एका दिवसांत आरंभ तीनच, चौथा नाहीं. अखंड पार पडल्यास गुरूनें अनुज्ञा द्यावी, मग त्या शिष्यास पुढें शिकविण्याचा अधिकार. ऐशी सात पिढ्या चालत आली. शास्त्रीबोवांस पुत्र नाहीं. गांवांतील जे शिष्य आले ते कोणी लग्नाचे निमित्तें, कोणी परीक्षेचे निमित्तें, पंचविसाव्या-तिसाव्या श्लोकावरून उठून गेले. आणि शास्त्रीबोवांचा डावा कान पूर्वींच गेला होता. उजवा राहिला, तो वैद्यांनीं पाहिला आणि मोठ्यानें सांगितलें, "पौषापर्यंत ऐकून घ्या काय ऐकायचं ते." तेव्हां माळ ऐकावयाची ती पौषापूर्वीं, नपेक्षां गुरूस कानच नाहीं, आणि सात पिढ्यांचें धन शास्त्रीबोवांचे देहाबरोबर जाणार, ऐसा प्रसंग प्राप्त जाहला.

शिष्या एकच टिकली होती, चारुशीला नामें, परमुलुखीं एका इस्पितळांत परिचारिका, वय छत्तिसांचे घरांत. ती नऊ वर्षांमागें देश सोडितेसमयीं शास्त्रीबोवांचे तोंडून चार श्लोक ऐकून गेली, आणि तेथून निरोप धाडिला कीं उरलेले पाचशें चारही हवेत. मग शास्त्रीबोवांनीं बहुत विचार केला कीं समुद्रापलीकडून ऐकिलेलें 'गुरूचे कानीं' होईल किंवा कैसें, आणि निर्णय दिला कीं कान तोच, अंतर मात्र निराळें, सबब दोष नाहीं. मग पुतणे विश्रामराव, हे शहरांत कचेरीस असत, त्यांनीं लॅपटॉप नामें यंत्र आणून दिलें. घरांत मोबाइल होता, परंतु त्याच्या पडद्यावर शिष्येचे ओठ हरभऱ्याएवढे दिसत, आणि ओठ पाहिल्यावांचून शास्त्रीबोवांचे अर्ध्या कानास ऱ्हस्वदीर्घ उमगेना. म्हणून यंत्रावरच संथा ठरली. नित्य सायंकाळीं चार वाजतां, तिकडे तेव्हां माध्यान्ह असे.

आतां या यंत्राचा राज्यांत जो मान होता तो सांगतों. विद्या ज्यांतून येते जाते तें केवळ यंत्र कैसें म्हणावें, ऐसें शास्त्रीबोवांचें मत. सबब त्यास यंत्रराज ऐसी पदवी दिली. लोकर सदा शुद्ध, तीस विटाळ नाहीं, म्हणून शास्त्रीबोवांची सोंवळ्याची धाबळी, चार पदरी करून, तीवर यंत्रराजांस बसविलें. संथेपूर्वीं नित्य धूप, आणि धूप यंत्रराजांचे नासिकेपुढें फिरवावा. खंडेनवमीस शस्त्रें पुजावीं तों राज्यांत शस्त्र विळी एकच, म्हणून विळीशेजारीं यंत्रराजांस मांडून हळद, कुंकू, अक्षता, अनंताचें फूल वाहावें. आणि द्वारकाबाईंनीं थंडीचे दिवसांत लोकरीची एक कुंची विणून दिली, कीं उघड्यानें सर्दी होते. ऐसे नऊ वर्षें यथासांग चाललें.

शके मजकुरीं आश्विन वद्य द्वितीयेस चारुशीलेस एक दिवसाची रजा मिळाली आणि पाठ ऐकावा ऐसें ठरलें. शास्त्रीबोवा स्नान करून बसले, उजवा कान यंत्रराजांकडे केला, आणि चारुशीलेनें आरंभ केला. एकशें एकविसावा श्लोक चालतां यंत्रराज एकाएकीं काळे पडले. न धूर, न आवाज. सिंहासनावर असतां प्राण गेला ऐसें दिसलें. घटकाभरानें पुनः जागे केले, दुसरा आरंभ जाहला, तों अठ्ठ्याण्णवावर गेले. तिसरा आरंभ जाहला, तों चौसष्टावर गेले. शास्त्रीबोवांनीं यंत्रराजांचे पाठीस हात लाविला तों तवा जैसा. द्वारकाबाईंनींही हात लाविला आणि म्हणाल्या, "अहो, भडकलाय हो ताप. मिठाच्या पाण्याची घडी ठेवू का कपाळावर?"

"ठेव, म्हणजे प्राण गेलाच समज," शास्त्रीबोवा म्हणाले.

"मग चंदनाचा लेप? वाळ्याचा? काहीतरी लेप हवाच. तापावर लेप लागतो."

"यंत्राला लेप लावतात हे तुला कोणत्या वैद्यानं सांगितलं?"

द्वारकाबाई विंझणा घेऊन वारा घालूं लागल्या. मग मोबाइलावर चारुशीलेचा आवाज आला. ती म्हणाली, "गुरुजी, आज मी चौसष्ट अधिक अठ्ठ्याण्णव अधिक एकशे एकवीस म्हटले. बेरजेत निम्म्याच्या वर गेलेत. बेरीज चालत नाही ना?"

"चालत नाही."

"विचारून ठेवलं. पुढची रजा मार्गशीर्षात शुद्ध तृतीयेला. त्यानंतर पौष संपल्यावर."

पौष संपल्यावर हा शब्द शास्त्रीबोवांनीं ऐकिला, आणि आपण ऐकिला हेंच त्यांस विशेष वाटलें. मार्गशीर्ष शुद्ध तृतीया हा त्यांचे तीर्थरूपांचा जन्मदिवस. त्याच दिवशीं पन्नास वर्षांमागें त्यांनीं स्वतः माळ वडिलांचे कानीं घातली होती. मग त्यांनीं मनांत म्हटलें कीं आतां काय तो हा एक दिवस.

मग दिवाळी सरतांच मसलत जाहली. विश्रामराव आले, आणि बाजारपेठेंतून महबूब कारागीर यांस बोलाविलें. महबूब यांचे वडील घड्याळें नीट करीत, हे यंत्रें नीट करीत. बोटें तीच, नाडी निराळी. त्यांनीं यंत्रराजांस धाबळीवरून उचललें, पालथें केलें, पोटाखालील जाळीस डोळा लाविला आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, याला ताप नाही आला. याचा श्वास कोंडलाय." मग लहान पेंचकस घेऊन आठ स्क्रू काढिले आणि यंत्रराजांचें पोट उघडलें. आंत जें निघालें तें येणेंप्रमाणें. पंख्याचे तोंडाशीं लोकरीचा एक गठ्ठा, दाबून घट्ट जाहलेला, धाबळीचेच रंगाचा. त्यावर धुपाची काजळी, मेणासारखी चिकट. कळफलकाचे खालीं हळद आणि कुंकू, पावसांत भिजून वाळलेल्या रांगोळीसारखें. आणि सांदीसांदींतून तांदूळ. महबूब चिमट्यानें एकेक दाणा काढूं लागले आणि कागदावर ठेवूं लागले, तों विश्रामराव म्हणाले, "फेका ना, मोजताय काय?" तेव्हां महबूब म्हणाले, "पूजेचं आहे साहेब. मी फेकत नाही. काकी सांगतील तिथं ठेवू." सत्तावीस अक्षता निघाल्या.

शास्त्रीबोवा तो कागद पाहत बसले. त्यांस कोणी दोष दिला नाहीं, परंतु त्यांचे लक्षांत आलें कीं शत्रू कोणी बाहेरून आला नव्हता. नऊ वर्षें त्यांनीं स्वहस्तें, मंत्र म्हणून, यंत्रराजांचे नाकपुडींत माती घातली होती. जी माळ राखावयाची तीच भक्तीनें बुडत होती. ते महबूब यांस म्हणाले, "आमच्या पूजेनं हा मेला म्हणायचा?"

"मेला नाही बुवा. पण याला पूजा नको, हवा द्या. आणि हे बघा," ऐसें म्हणून त्यांनीं मध्यें एक लहान चौकोनी ठिकाण दाखविलें, "इथं याचं डोकं. या डोक्यावर लेप असतो, उष्णता बाहेर न्यायला. तुमचा वाळून खडू झालाय. नवा लेप लावावा लागेल."

द्वारकाबाई पदर सांवरून उभ्या राहिल्या. "लेप?" त्या म्हणाल्या. "काय म्हणालात? जरा यांच्या उजव्या कानाशी म्हणा."

महबूब यांनीं उजव्या कानाशीं म्हटलें. शास्त्रीबोवांनीं मान खालीं घातली. आणि तो दिवस द्वारकाबाईंचा ठरला.

मग काजळी पुसली, लोकर काढिली, लेप लाविला. परंतु महबूब यांनीं सांगितलें कीं आंतील बॅटरी पुरीसारखी फुगली आहे, ती काढून टाकितों, यापुढें यंत्र वायरीवर चालेल आणि वीज क्षणभर गेली कीं विझेल. आणि पंख्याचा आंस झिजला आहे, तो फिरतो परंतु पुरता नाहीं. अखंड पाठाची तीन तासांची स्वारी यांस आतां झेपणार नाहीं, नवें पाहावें.

नवें म्हणतांच विश्रामरावांस स्फुरण चढलें. ते म्हणाले, "काका, घ्यायचं तर एकदाच दणदणीत. गेमिंगचा घ्या. अंधारात लाल-निळे दिवे लागतात."

द्वारकाबाई म्हणाल्या, "दिवाळी आत्ताच झाली रे."

"दिवे राहू द्या काकू, ताकद बघा. किंमत जरा जास्त, पण हप्त्यांनी..."

महबूब कागदाची पुडी बांधीत होते, ते मान न उचलतां म्हणाले, "साहेब, ओढायचंय काय? एक चेहरा आणि एक आवाज. त्याला हत्ती कशाला? हत्ती खातो हत्तीसारखा आणि तापतोही हत्तीसारखा. माझ्याकडं कचेरीतून निघालेली येतात, तीन वर्षं वापरलेली. आठ जीबी रॅम, साठवणीला एसएसडी, म्हणजे त्यात फिरणारं काही नाही, अडकणारं काही नाही. पडदा मोठा, ओठ दिसतील. बिजागरी तपासलेली, बॅटरी तपासलेली. आणि वारा बाजूनं सोडतो, पोटाखालून नाही. वीस हजारांच्या आत. सहा महिने माझी जबान."

"आणि तुमच्या जबानीला गॅरंटी काय?" द्वारकाबाई.

"काकी, दुकानावर वडिलांचं नाव आहे. ते पुसून कुठं पळू?"

विश्रामराव म्हणाले, "जुनं ते जुनंच."

तेव्हां शास्त्रीबोवा प्रथमच हंसले आणि म्हणाले, "विश्राम, या घरात नवं असं तूच एक आहेस." मग दिवा नको, हत्ती नको, मध्यम बांध्याचा घोडा घ्यावा, ऐसा ठराव जाहला. तरी महबूब म्हणाले, "ठराव झाला म्हणून घेऊ नका. तीन तास माझ्या दुकानात चालवून बघा. तापला तर चहा माझा आणि यंत्रही माझं."

मग कार्तिक वद्य पंचमीस शास्त्रीबोवा बाजारपेठेंत स्वारी करून गेले. महबूब यांनीं नवें यंत्र बाकावर मांडिलें, आणि घरीं जुने यंत्रराजांपुढें द्वारकाबाई मेथी निवडीत बसल्या, आणि दोहोंचें संधान बांधून दिलें. आतां म्हणावें काय, ऐसा प्रश्न पडला. कीं माळ बाजारांत उच्चारूं नये. मग शास्त्रीबोवांनीं लहानपणींचे अपूर्णांकांचे पाढे काढिले आणि पावकी आरंभिली. पावकी सरली, मग निमकी, मग पाउणकी, आणि दुकानांत चार्जर घेण्यास आलेले लोक उभे राहून ऐकूं लागले, आणि एक वृद्ध व्यापारी बरोबरीनें म्हणूं लागले आणि डोळे पुसूं लागले. महबूब दर अर्ध्या घटकेस यंत्राचे पोटाखालीं तळहात सारून पाहत. सवायकी चालतां, दीड तासाचे सुमारास, पडद्यावरील द्वारकाबाई आणि मेथी दोन्ही गेल्या. मग महबूब यांचा मोबाइल वाजला, तो त्यांनीं शास्त्रीबोवांचे उजव्या कानाशीं धरिला. "अहो, इकडचं विझलं. तिकडचं?"

"इकडचं आहे," शास्त्रीबोवा म्हणाले.

"मग पुढं चला. मी भाजी फोडणीला टाकते."

मग शास्त्रीबोवांनीं काळ्या पडद्याकडे पाहून सवायकी पुरी केली, दिडकी आणि अडीचकी म्हटली, आणि तीन तास भरले. महबूब यांनीं त्यांचा हात धरून यंत्राचे पाठीवर ठेविला. कोमट होतें, तापलेल्या दुधावर हात धरावा त्याहूनही कमी. सौदा जाहला.

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया उगवली. ओटीवर उघडा पाट मांडिला. त्यावर सोंगटीपटाच्या चार सोंगट्या ठेवून त्यांवर नवें यंत्र बसविलें, कीं खालून वारा खेळावा. धूप मागील खोलींत. हळदकुंकू मनांतच. सत्तावीस अक्षतांची पुडी देवघरांत. चार वाजतां चारुशीला दिसली. ओठ स्वच्छ, डोळ्यांतील निद्राही स्वच्छ. तिनें नमस्कार करून आरंभ केला, आणि सूर उंच लागला; तिसरे श्लोकास कंठ फाटला आणि ती थांबली. खंड जाहला. दुसरा आरंभ केला, तो सूर इतका खालीं लागला कीं पांचवे श्लोकास शब्द घशांत बुडाला. दुसरा खंड जाहला. आरंभ एकच उरला.

चारुशीला कांहीं वेळ इकडेतिकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "गुरुजी, तुमचा तंबोरा कुठं आहे?"

"कोणता तंबोरा?"

"तो मागं वाजतो तो. नऊ वर्षं. मी त्याच्यावरच सूर लावते. आज लावायला विसरलात का?"

शास्त्रीबोवांनीं द्वारकाबाईंकडे पाहिलें. घरांत तंबोरा कधींच नव्हता. द्वारकाबाईंनीं कपाळास हात लाविला आणि त्यांचे उजव्या कानाशीं येऊन म्हणाल्या, "अहो, यंत्रराज. त्यांचा पंखा. नऊ वर्षं गुणगुणताहेत. तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

शास्त्रीबोवांस तो स्वर कधींच ऐकूं आला नव्हता. ज्या सुरावर त्यांची शिष्या उभी राहिली तो सूर त्यांनीं दिला नव्हता. तो कोंडलेल्या श्वासाचा सूर होता. हें समजतां ते म्हणाले, "जुन्याला आणा."

द्वारकाबाईंनीं जुने यंत्रराजांस आणिलें, वायर जोडिली, जागे केलें. परंतु महबूब यांनीं पोट स्वच्छ केलें होतें. यंत्रराज शांत बसले, गुणगुणेनात. चारुशीला म्हणाली, "नाही लागला." शास्त्रीबोवा म्हणाले, "महबूबनं बरा केला, आता हा गाईल कशाला?" तेव्हां द्वारकाबाई आंत गेल्या, आणि ती धाबळी घेऊन आल्या, चार पदरी केली, यंत्रराजांस उचलून तीवर बसविलें, आणि वर कुंचीही घातली. कांहीं पळांनीं यंत्रराज तापूं लागले, आणि पंखा फिरूं लागला, आणि परदेशीं बसलेल्या चारुशीलेचा चेहरा उजळला. ती म्हणाली, "हा! हाच." आणि डोळे मिटून तिसरा आरंभ केला.

सूर लागला. दहा श्लोक गेले, पन्नास गेले, आणि शंभर गेले. शास्त्रीबोवा उजवा कान पुढें करून, ओठांकडे पाहत, प्रत्येक यतीस मान हालवीत होते. एकशें एकविसावा श्लोक आला, तेव्हां द्वारकाबाईंनीं दाराची चौकट धरिली. तो पार पडला. एकशें नव्वदावे श्लोकाचे दुसरे चरणीं यंत्रराजांचा दिवा मालवला. पंखा थांबला. द्वारकाबाईंनीं तोंडास पदर लाविला. शास्त्रीबोवांस कांहींच ऐकूं आलें नाहीं, त्यांनीं पदर मात्र पाहिला, आणि समजले, आणि त्यांची मान यतीवर होती ती तेथेंच थांबली. मग त्यांनीं पडद्याकडे पाहिलें. चारुशीलेचे ओठ चालत होते. तिसरा चरण आला, चौथा आला, आणि शास्त्रीबोवांनीं कान आणखी पुढें केला; सूर तोच होता, केंसभर ढळला नव्हता. आधार गेला होता आणि सूर राहिला होता. मग शास्त्रीबोवांची मान पुनः हालूं लागली. पुढील तीनशें अठरा श्लोक तिनें कोणाचेही आधारावांचून म्हटले, आणि नवें यंत्र चार सोंगट्यांवर निःशब्द उभें राहिलें, न तापलें, न डगमगलें; आणि पाचशें आठवा श्लोक पुरा जाहला तेव्हां परसांत रात्र पडली होती.

शास्त्रीबोवांनीं अनुज्ञा दिली. ती दोन शब्दांची असते: "पुढें दे." चारुशीलेनें डोळे उघडले आणि विचारलें, "गुरुजी, तंबोरा केव्हा थांबला?" शास्त्रीबोवा म्हणाले, "एकशे नव्वदाव्याला." ती म्हणाली, "मला कळलंच नाही." ते म्हणाले, "कानानं मलाही नाही."

सारांश. पौष वद्यांत वैद्यांनीं सांगितल्याप्रमाणें उजवा कान गेला. तोंवर त्यास ऐकावयाचें कांहीं उरलें नव्हतें. चारुशीलेकडे त्याच इस्पितळांतील एक परिचारिका चार श्लोक शिकूं लागली आहे. यंत्रराज निवृत्त जाहले. खंडेनवमीस त्यांस दुरून नमस्कार होतो, अक्षता विळीवर पडतात. आणि धाबळी धुवून, वाळवून, शास्त्रीबोवांचे अंगावर आली, कीं थंडी त्यांसच वाजते.